सायकलपुरते टक्के

शनिवारची पालकसभा आटोपून कात्रजहून सिंहगड रोडला भावाकडे जेवायला पोचले, तेव्हा माझा घसा पार बसला होता. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या प्रगतिपुस्तकात आता मार्क नसतात, नंबर नसतो. एकेका गोष्टीपुढे ‘स्वतः जमते’, ‘मदतीने जमते’ नाहीतर ‘अजून सुरुवात आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. सकाळपासून मी हे प्रत्येक आईवडिलांना नव्याने समजावलं होतं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना विचारलं, “ते ठीक आहे मॅडम, पण साधारण किती टक्के?”

दार वडिलांनी उघडलं. हातात माझ्या भाचीचं प्रगतिपुस्तक. ती तिसरीत आहे, दुसऱ्या शाळेत. पण पद्धत हीच.

“आलीस? बरं झालं. हातपाय धू आणि याचे टक्के काढून दे.”

प्रकरण गंभीर होतं. नव्वद टक्के मिळाले तर सायकल, असा शब्द आजोबांनी नातीला दिला होता. निळी, पुढे टोपली असलेली सायकल दुकानात बघूनही ठेवली होती. माझे वडील दिलेला शब्द मोडत नाहीत आणि घातलेली अटही सोडत नाहीत. आम्हा भावंडांनी दोन्हीचा अनुभव घेतलाय. भाची सोफ्याच्या हातावर बसून माझ्याकडे बघत होती. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडे बघतात, तसं.

“बाबा, यात टक्के नसतात.”

“मग काय असतं?”

“काय येतं आणि काय अजून येत नाही, ते.”

“तेच टक्क्यांत सांग. हे बघ, हातच्याची वजाबाकी, मदतीने जमते. पन्नास धरू?”

“असं धरायचं नसतं.”

“बरं, साठ.”

“बाबा, मंडईत आलाय का तुम्ही?”

“मंडई बरी. तिथे वजन तरी सांगतात.”

भाऊ आयटीत आहे, त्याला असला प्रश्न समोर दिसला की राहवत नाही. त्याने लॅपटॉप उघडला, ‘स्वतः’ला शंभर, ‘मदतीने’ला साठ दिले, आणि वहिनीचं वरण गरम होईपर्यंत जाहीर केलं, “शहाऐंशी.”

भाचीचा खालचा ओठ पुढे आला.

“साठ कसे?” मी ओरडले. म्हणजे जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात. “मदतीने का होईना, जमतंय ना तिला? पंचाहत्तर तरी दे!”

“ताई, सत्तर. शेवटचं.”

“सत्तरने एकोणनव्वदवर अडकतंय! पंचाहत्तर!”

टक्के नसतात म्हणून सकाळपासून घसा फोडणारी बाई हातात वरणाचा डाव घेऊन टक्क्यांसाठी भांडत होती. वहिनी म्हणाली, “आधी जेवून घ्या, मग लिलाव करा.”

या गोंधळात वडिलांनी चष्मा पुसला आणि नातीला विचारलं, “तुला काय वाटतं गं? कुठे अडतं तुझं?”

ती लगेच म्हणाली, “शून्यं आली की.”

हे तिला आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

वडिलांनी वर्तमानपत्राच्या कडेला पाचशेतून दोनशे अडुसष्ट वजा करायला दिले. तिने उत्तर लिहिलं, तीनशे अडुसष्ट.

“हे आठ कुठून आले?”

“शून्यातून आठ जात नाहीत ना, मग आठच राहतात.”

“शेजारच्याकडून घे की.”

“त्याच्याकडेपण शून्यच आहे. मग मागायचं कोणाकडे?”

“त्याच्या पलीकडच्याकडे. पण मधल्याच्या हातूनच यायला हवं, परस्पर नाही.”

दोघांची डोकी वर्तमानपत्रावर जुळली. मग वडिलांनी मान वर करून भावाला विचारलं, “तुझ्या त्या शहाऐंशीत ही शून्यं कुठे दिसतात रे?” भावाने लॅपटॉप मिटला.

“टक्क्यांची अट रद्द,” वडील नातीला म्हणाले. “शून्यांची वजाबाकी कोणी न सांगता करायला लागलीस की सायकल.” आणि मला, “किती दिवस लागतील?”

“सांगता येत नाही.”

“मग तुमची शाळा सांगते तरी काय?”

मी गार झालेला भात खाल्ला.

मध्ये बरेच दिवस गेले. मी गेले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर शून्यांनी भरलेले कागद पडलेले असायचे. मग एका रविवारी निळी सायकल सोसायटीच्या आवारात फिरताना दिसली. वडील कडेला उभे, मी तिथल्या बाकावर. त्यांचे फिरायला निघालेले एक स्नेही थांबले.

“काय हो, नव्वद पडले वाटतं नातीला?”

“तसं नाही.” वडिलांनी समजावायला घेतलं. स्वतः जमणं, मदतीने जमणं, शून्यं, शेजारचा, पलीकडचा. स्नेह्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“ते ठीक आहे. पण साधारण किती टक्के?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी ओळखते; पालकसभेच्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचा तोच असतो.

“तू सांग गं यांना,” ते म्हणाले. “माझा घसा बसला.”

मी बाकावर सरकून वडिलांना जागा करून दिली.