पूजेतला पॉवर सप्लाय

शहापूरच्या विणकर गल्लीत मारुतीरावांइतका यंत्राला जपणारा माणूस शोधून सापडायचा नाही. माग विकून बरीच वर्षं झाली, पण खंडेनवमीची शिस्त तीच. पूजा घातलेल्या हत्याराला दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणजे नाही! मागाच्या जागी आता लेकीचा, माधवीचा, कॉम्प्युटर होता. मग हळदकुंकू आणि झेंडूची माळ त्यालाच.

माळ घालून होते न होते तोच कामाचं बोलायला बेंगळूरला गेलेल्या माधवीचा फोन आला. तिथल्या एका कंपनीसाठी ती साड्यांच्या जाहिरातींची हलती चित्रं करणार होती. घरच्या कॉम्प्युटरवर नमुना नीट झाला, तर काम शहापुरात बसून करायचं. नाही झाला, तर बेंगळूरला जाऊन राहायचं. नमुन्याला मोठं ग्राफिक्स कार्ड लागत होतं, आणि त्याच्या विजेचा भार या कॉम्प्युटरला पेलवेल का, हीच पंचाईत होती.

"आप्पा, मी दुकानात हाय. आतला पॉवर सप्लाय किती वॅटचा हाय तेवढं बघा. लेबल आतल्या अंगाला हाय, स्क्रू काढून डबडं बाहेर वडायला लागंल. पाचशे असंल तरच कार्ड घेते."

मारुतीरावांनी झेंडूच्या माळेकडं बघितलं. हात लावावा तर पूजा मोडते. नाही म्हणावं तर पोरगी कार्डाशिवाय येणार, आणि पुढं तिकडंच राहणार. बायको गेल्यापासून घरात बोलायला ही एकच होती. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर बाहेरून मात्र चांगलं ठळक छापलेलं होतं, ५००.

"पाचशे हाय," ते म्हणाले.

"आतलं बघितलं न्हवं? बाहेर कायबी छापत्यात."

"बघितलं गं बाई! घे जा."

झालं! दुसऱ्या दिवशी दसऱ्याला माधवी कार्ड घेऊन घरी आली आणि सोनं लुटून झाल्यावर तिनं ते बसवायला घेतलं. त्याला लागणारी जादा वायर, पाचशेच्या पॉवर सप्लायला असते ती, याला नव्हतीच. ती थबकली. "आप्पा, पाचशेच हुतं न्हवं नक्की?" अहो, आता तरी खरं बोलावं की नाही माणसानं! पण मारुतीराव "व्हय की" म्हणत चहा टाकायला उठले. तिनं कार्डाच्या खोक्यातली जोडवायर लावली आणि नमुना चालू केला.

नमुना निम्म्यावर आला आणि फटकन आवाज झाला. पंखे थांबले. जळका वास पार चुलीपर्यंत आला.

माधवीनं डबडं बाहेर ओढलं, लेबलवरची धूळ पुसली. तीनशे! दुरुस्तीवाल्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवं कार्डही गेलं. कंपनीनं नमुन्यासाठी थांबायला नकार दिला. इकडंच या, म्हणाले, इथं मशीन आहेत.

माधवी बॅग भरायला लागली. चिडली असती तर मारुतीरावांना बरं वाटलं असतं. स्टँडवर तिची बॅग खाली ठेवताना त्यांना राहवलं नाही.

"मी उघडलंच न्हवतं गं. पूजा घातलेली... आणि न्हाय म्हणावं तर तू तिकडंच ऱ्हाशील, ह्याचं भ्या वाटलं."

"मला कळलं हुतं, आप्पा. जळल्यावर डबडं वडलं, तवा स्क्रूवर धूळ तशीच हुती." बस लागली होती. तिनं बॅग उचलली. "पूजा हाय, उद्या बघून सांगतो, म्हणायचं हुतं. मी यक दिवस थांबले नसते व्हय?"