डेहराडूनला जायची तयारी

जालन्याच्या सळ्यांच्या कारखान्यात भिवा खरातांनी उमेदीची सगळी वर्षं भट्टीसमोर काढली. घामानं भिजलेला सदरा पिळायचा आणि पुन्हा अंगात घालायचा, याचीच सवय. अशा माणसाच्या मनात बर्फ बघायची हौस कधी शिरली, ते त्यांनाही सांगता येत नसे. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी बायकोला, सत्यशीलाबाईंना, सांगून टाकलं, "आता बर्फात जायचं. हातात घेऊन बघायचा."

त्यांची मुलगी सुमेधा डेहराडूनला नोकरीला होती. फोनवर ती तिथलं सांगायची. रविवार आला की अर्धं शहर पाठीला पिशवी लावून डोंगरात जातं, म्हातारी माणसंसुद्धा. "तुम्ही या, पण आधी चालायची सवय करा. इथं चढ फार."

मग दोघं रोज सकाळी पारशी टेकडीवर जाऊ लागले. सत्यशीलाबाई कामाशिवाय कधी चालल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी शेजारच्या वंदनानं विचारलं, "कुठं निघालात?" तर ओशाळून म्हणाल्या, "जरा काम हाय." पण थोड्याच दिवसांत त्या सरसर चढू लागल्या आणि भिवा मागं पडू लागले. एके सकाळी ते मध्येच दगडावर बसले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. इतक्या वर्षांच्या धुरानं फुप्फुसं थकली होती. डेहराडून चालेल, ते काही फार उंच नाही. पण बर्फ पडतो तिथवर चढायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

घरी आल्यावर भिवांनी डॉक्टरांचा कागद कपाटात ठेवून दिला. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "मंग काढलेली तिकिटं रद्द करू. मला तसंबी कुठं जायचंय."

"रद्द कशाला? तू जाय सुमीसंगं वर. मी खाली थांबतो."

"हौस तुमची, अन् जाऊ मी? बरं दिसतं का ते?"

"मी रोज बघून राह्यलो ना. टेकडीवर पोचली की तुझं तोंड कसं खुलतं ते. घरात न्हाई दिसत तसं."

दुसऱ्या दिवशी जुन्या जालन्यातून सत्यशीलाबाईंनी बूट आणले, आयुष्यातले पहिले. साडीखाली बूट घालून, भाकरी थापतानाही ते पायात ठेवून, त्या सवय करत राहिल्या. भिवा दारात बसून हसायचे.

फेब्रुवारीत दोघं डेहराडूनला पोचले. दुसऱ्या दिवशी सुमेधा आईला घेऊन सकाळीच जीपनं वर बर्फाकडं गेली. भिवांनी सुमेधानं फोनवर आणायला सांगितलेला मफलर बायकोच्या गळ्याभोवती स्वतः गुंडाळला आणि जीप वळेपर्यंत फाटकात उभे राहिले. दिवसभर फोन लागला नाही. शेजारच्या बागेत दोन फेऱ्या मारून ते पायरीवर येऊन बसले.

संध्याकाळी सत्यशीलाबाई उतरल्या. नाक लाल झालं होतं, बूट ओले होते.

"कसा व्हता?"

त्या त्यांच्याशेजारी टेकल्या. "पाय ठिवला की कुरकुर वाजतो. जाड्या मिठावर चालल्यावानी. अन् लई शांत. आपलाच श्वास ऐकू येतो."

"वास?"

"वास न्हाई कसलाच."

भिवांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. सुमेधानं चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

"तुम्हाला वाईट वाटलं असंल," सत्यशीलाबाई हळूच म्हणाल्या.

"थोडं वाटलं. सकाळी, जीप गेली तव्हा. आता न्हाई."

त्यांनी बुटाच्या नाड्या सोडल्या. मग मुलीला म्हणाल्या, "सुमे, परतीचं तिकीट पुढं ढकलता येतं का गं? ते साल नावाच्या झाडांचं जंगल म्हणून राह्यली व्हतीस ना तू, तिथली वाट बराबर सपाट हाय म्हणे. रविवारी यांना घिऊन जाऊ."