काउंटरवरचे दोन

रविवारी सकाळी साडेनऊला कामरगावहून फोन आला, वसंतदादा गेले. मी दहाच्या बसनं त्यांच्याकडेच निघणार होतो. पिशवीत फिल्मचा पुडा होता. किंमत दोन हजार आठशे, आत आठ फोटो. पुडा शुक्रवारीच आला होता. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा जाऊ, असा मी विचार केला...

दादा माझे थोरले मावसभाऊ. त्यांच्याकडे झटपट फोटो देणारा जुना कॅमेरा होता. बटण दाबलं की घरघर करत पांढऱ्या चौकटीचा कागद बाहेर यायचा. बॅटरी फिल्मच्या पुड्यातच असल्यानं वेगळे सेल लागत नसत. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. म्हणून दादांचा नियम होता, फोटो ज्याचा त्याला. उजेडात रंग बिघडतात, म्हणून निघालेला कागद आधी वहिनींच्या पदराखाली जायचा. बारशाला आलेली माणसं त्या पदराकडे डोळे लावून बसायची. दादांच्या घरात मात्र एकही फोटो राहिला नाही.

पुढे फिल्म मिळेनाशी झाली आणि कॅमेरा पेटीत गेला. बऱ्याच वर्षांनी ती पुन्हा मिळते असं कळलं, तेव्हा पहिला पुडा मीच मागवला. दादांनी गल्लीतल्या आठ जणांचे फोटो काढले, कॅमेऱ्यामागच्या काउंटरवरचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "दोन राह्यले. हे आमच्या दोघाचे." लग्नातला त्यांचा जोडीचा एकमेव फोटो ओलीनं गेला होता. वहिनी नवी साडी नेसून आल्या. मी बटण दाबलं. फ्लॅश पडला, घरघर झाली, कागद आला नाही. पुन्हा दाबलं... तेच.

पूर्वी पुड्यात दहा फोटो असत. कॅमेरा अजूनही दहापासूनच उलटा मोजतो. नव्या पुड्यावर आठ असं स्पष्ट छापलेलं होतं. वीजबिलातला रुपयाही तपासणाऱ्या मी ते वाचलं नव्हतं.

दादा हसले. "काहून तोंड पाडून राह्यला बे? पुढच्या पुड्यात पयले आमीच."

"मंग हे साडी पेटीत नाई टाकत," वहिनी म्हणाल्या.

तो पुढचा पुडा यायला सहा आठवडे लागले.

दादांच्या मागं केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी मी तो वहिनींपुढे ठेवला आणि तुमचा फोटो काढतो म्हणालो. त्यांना एकटीचा नको होता. त्यांनी आलेल्यांतली माणसं निवडली, मी फोटो काढत गेलो, त्या एकेक कागद पदराखाली धरून ज्याचा त्याला देत गेल्या. आठवा माझा. तो त्यांनी काढला, त्यात माझं कपाळ कापलं गेलंय.

रिकामा पुडा काढायला मी झाकणाला हात घातला. झाकण उघडलं की आकडा पुसला जातो. वहिनींनी माझा हात धरला.

"राहू दे भाऊ. दोन हायेत त्यात आमचे."

कॅमेरा आता त्यांच्या कपाटावर आहे. मागच्या आठवड्यात गेलो होतो, तेव्हा पाहिलं. आकडा दोनच आहे.