खिळ्यावरचं सील

केरबा गेल्याचं मला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ‘आपले गळके मिस्त्री गेले, भावपूर्ण श्रद्धांजली,’ एवढाच मजकूर आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मेल्यावरही त्याचं खरं नाव लिहायला कुणाला सुचलं नाही. मी लातूरला लेकीकडे होतो. चहाचा कप तसाच ठेवून उठलो आणि शिरूर अनंतपाळ येईपर्यंत एसटीत दातओठ खात बसलो. याला आता दीड महिना झाला. राग गेलेला नाही, आणि तो सगळा गावावरचा नाही हेही मला ठाऊक आहे.

केरबा आणि मी शाळेत एका वर्गात होतो. तो बौद्धवाड्यातला, मी बागायतदाराचा पोरगा. चारचौघांत तो मला मालक म्हणायचा, दोघंच असलो की यंकट. नांदेडला एका गॅरेजात काम शिकून आला आणि आमच्या फाट्यावर चार पत्रे टाकून त्यानं दुकान मांडलं. ट्रॅक्टर आला की तो आधी पान्याला हात लावायचा नाही. मालकाला फेरी मारून यायला लावायचा, मग खाली बसून मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबवर तळहात ठेवायचा. किती तापलंय त्यावरून आतल्या बेरिंगची तब्येत त्याला कळायची. मग चाक जॅकवर उचलून हलवून बघायचा, कान लावायचा... घाई करणाऱ्याला म्हणायचा, “खोलायला अक्कल लागत न्हाई. काय खोलायचं न्हाई, ते कळावं लागतंय.”

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि तेव्हाच पावसानं दडी मारली. आमचा जुना, हातबदल करत आलेला ट्रॅक्टर गावासाठी पाण्याचा टँकर ओढायला लागला. वैरण नाही म्हणून बैल पाहुण्यांकडे पाठवले होते. पोळा आला आणि दावण रिकामी. मला ते बघवेना. शिंगं रंगवायचा निळा ऑइलपेंट घरात पडून होता, मी तो घेऊन ट्रॅक्टरच रंगवून काढला. मडगार्ड, मागचा एक्सल, त्याच्या पाठीवरचं बारीक टोपण, काही म्हणता काही सोडलं नाही. वर बेगड लावली. आईनं ओवाळलं. बापू, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच माझ्या कुठल्या कामावर खूश झाले होते.

आठवड्यात डाव्या चाकातून तेल गळायला लागलं. ते ब्रेकच्या ड्रममध्ये उतरायचं आणि ब्रेक घसरायचा. केरबानं चाक उतरवून तेल अडवणारं रबरी सील नवं बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गळती. तो चक्रावला. “सील बी ठीक, बेरिंग बी ठीक. मग तेल कोण ढकलायलंय?” असं स्वतःशीच म्हणत होता. मला एक दिवस द्या, म्हणाला. पण पाण्याला एक दिवस कुठला? बापू भरला टँकर घेऊन निघाले, वेशीच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही आणि टँकर लिंबावर जाऊन आदळला. माणूस कुणी लागलं नाही. पाणी मात्र सगळं मातीत गेलं, आणि घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया ते बघत राहिल्या.

बापूंनी केरबाला तिथंच बोलावलं. सगळ्यांसमोर चाक खोलायला लावलं, सील काढायला लावलं आणि ते त्याच्या अंगावर फेकलं. “गळका मिस्त्री कुठला,” म्हणाले. केरबानं सील उचललं, विजारीला पुसलं, खिशात टाकलं आणि गेला. आमच्या भावकीतला मिस्त्री असता तर बापूंनी दोन शिव्या दिल्या असत्या, सील अंगावर फेकलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी लिंबाखाली उभा होतो, चोवीस वर्षांचा, बी.ए. झालेला, आणि गप्प होतो.

मग ट्रॅक्टर लातूरला. तिथल्या मिस्त्रीनं सील बदललं, गळती तशीच. पुन्हा नेला, पुन्हा नवं सील. परत आला त्या दिवशी बापू टँकरच्या फेऱ्या वाढवायचा अर्ज घेऊन जिल्ह्याच्या नव्या कचेरीत थांबले होते. केरबा आमच्या वाड्यावरून जाताना थबकला. कुणी बोलावलं नव्हतं. एक्सलच्या पाठीवर हात फिरवता फिरवता त्या टोपणावर त्याचं बोट थांबलं. त्याला ब्रीदर म्हणतात. चालताना आतली हवा तापून फुगते, ती तिथून बाहेर पडते. ती वाट बुजली की हवा तेलाला सीलमधून बाहेर रेटते, मग सील कितीही नवं असो. केरबानं कुंपणाची बाभळीची काटी मोडून आणली आणि टोपणाच्या भोकात घातली. निळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि फुस्स करून हवा सुटली.

त्यानं पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवला. “यंकट, बैलाची शिंगं रंगवावी. नाकपुड्या न्हाई.”

“बापूला सांगू नकोस,” मी म्हणालो.

“मी कशाला सांगू? तुझं तू सांग.”

एवढं बोलून त्यानं तेलात भिजलेले ब्रेकचे लायनर पेट्रोलनं धुऊन दिले आणि निघून गेला. ट्रॅक्टर गळायचा थांबला. बापू गावभर सांगत सुटले, लातूरच्या हाताला गुण हाय, आता आपला जिल्हा हाय, फाट्यावरच्या गळक्याकडं कशाला जायचं... लोकांनी ऐकलं. शिरूरचे, औशाचे ट्रॅक्टर केरबाच्या दुकानावरून पुढं लातूरला जायला लागले. त्याच्याकडे उरली पंक्चरची कामं. आणि नाव उरलं ते ‘गळका’.

बापू त्यानंतर वीस वर्षं जगले. मी रोज उद्यावर ढकललं. ते गेल्यावर तर सांगायला काहीच अडचण नव्हती, तरीही सांगितलं नाही, कारण आता सांगून काय उपयोग असं मला सोयीचं वाटलं. केरबाचाही मला संताप येतो. एकदा तरी चिडायचास, पारावर येऊन ओरडायचास. तू माझ्यावर सोडलंस, आणि मी कसा आहे हे तुला चांगलं माहीत होतं.

दुकानातल्या शोकसभेत माझ्या चुलतभावानं तीच लिंबाची गोष्ट हसत हसत सांगितली. लोकही हसले. तेव्हा मी उठलो आणि रंगाचं, ब्रीदरचं, सगळं सांगितलं. एकजण म्हणाला, “जाऊ द्या, जुनी गोष्ट हाय.”

लोक गेल्यावर केरबाच्या बायकोनं, शेवंतावहिनींनी भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याला तेच सील टांगलेलं होतं. रबर कडक झालंय, पण कडेवरून बोट फिरवलं तर कुठं चीर नाही, कुठं खाच नाही. मी ते मागितलं. घरी ठेवतो म्हणालो.

“न्हाई भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या घरात कोण बघणार? हितंच राहू द्या. आल्यागेल्याला त्ये म्हणायचे, हात लावून बघा. तुम्हीच तेवढं कधी लावला न्हाई.”