कावळ्याचा घास

खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. उत्क्रांतीचा धडा इतक्यांदा शिकवलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. तो माझ्याच ओट्यावर वळवळत येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

सासूबाईंना दमा. डॉक्टरांनी बजावलं, घरात कबुतरांची घाण नको आणि झुरळं नकोत. म्हणून मी खिडकीच्या ग्रिलला बाहेरून बारीक जाळी लावून घेतली. झुरळांवर फवारा मारायची सोय नव्हती, त्याच्या वासानेच सासूबाईंची छाती भरून यायची. कळंबोलीकडची धूळ येते म्हणून काचाही बंद. सासूबाई जिना उतरून खाली जात नव्हत्या आणि त्यांना एकटं टाकून मलाही कुठे जाता येत नव्हतं. जीव गुदमरायचा अगदी. मी भांडी आपटायची, मग स्वतःचाच राग यायचा.

राहता राहिलं झुरळांसाठीचं ट्यूबमधलं जेल. त्या गोडसर औषधाचे ठिपके कोपऱ्याकोपऱ्यात लावायचे, झुरळं खातात आणि मरतात. सुरुवातीला मेलीही, सुपलीभर. मग पुन्हा वाढली. एकदा आम्ही दोघी बघत असतानाच एक झुरळ ठिपक्यापाशी आलं, मिशा लावल्या आणि सरळ मागे फिरलं.

"शानी झालीत मेली," सासूबाई म्हणाल्या.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "शहाणी नाही हो आई. ज्यांना गोड आवडायचं ती खाऊन मेली. एखाददुसऱ्याला जन्मापासूनच गोड नकोसं होतं, ती उरली. त्यांची पिल्लंही तशीच निघाली. आपल्या औषधानेच निवडून ठेवली ती."

"मंग उरली ती खातान काय?"

 ओटा रोज पुसत होते, डबे घट्ट लावत होते.

सासूबाई खाडीकाठच्या गावातल्या. सासरे गेल्यापासून दुपारी जेवायच्या आधी पानातला पहिला भाताचा घास काढायचा, काच जराशी सरकवून ग्रिलमध्ये ठेवायचा, हा त्यांचा नेम. कावळा येतो आणि सासऱ्यांना पोचतं. मोतीबिंदूमुळे जाळी त्यांना दिसत नव्हती. सकाळी घास संपलेला असायचा, म्हणजे कावळा आला, या समाधानात त्या होत्या. जाळी मी लावून घेतलेली, तरी माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

एका संध्याकाळी दुधाचं पातेलं निवायला ठेवावं म्हणून काच सरकवली. घासावर झुरळंच झुरळं. साधा भात, गोड नाही, रोज ताजा. औषधाने निवडायची आणि आम्ही पोसायची, असा कारभार चालला होता.

न सांगावं तर त्यांचा श्वास जात होता. सांगावं तर काय जाणार होतं, तेही मला कळत होतं. शेवटी सांगितलं, आणि मला जमतं तसंच, फटकन.

त्यांनी खिडकीत हात घालून जाळी चाचपली. मग म्हणाल्या, "म्हंजे इतकं दिस ते उपाशीच?"

मला रडू फुटलं.

आता घास मी गच्चीवर नेते. शेवटचा जिना सासूबाईंना झेपत नाही. झुरळं कमी झालीत, त्यांची छातीही जरा मोकळी झालीय. मी मात्र आणखीच अडकले. दुपारी माहेरी करंजाड्याला जायचं म्हटलं तरी आधी कावळा आठवतो.

काल तो आलाच नाही. टाकीवर बसलेली कबुतरं उतरली आणि माझ्यादेखत घास फस्त करून गेली. हाकलायचंही सुचलं नाही.

खाली आले तर सासूबाई दारात उभ्या. तेवढं चालूनच धाप लागलेली, हात चौकटीवर. आत त्यांचं ताट तसंच झाकलेलं होतं.

"आलं व्हतं का ते?"

"आले होते," मी म्हटलं. "पोटभर जेवले."

मगच त्या पानावर बसल्या.