रूपराव मिस्त्रीची ट्रायल

रूपराव मिस्त्री कमिशन खाऊ लागला, ही बातमी नालवाडीत पहिल्यांदा सदाशिवरावांनी सोडली. रिटायर झाल्यापासून त्यांना पानठेल्यासमोरच्या बाकावर बसण्याखेरीज काम नाही, आणि नुसतं बसणं त्यांना जमत नाही. पुरावाही तयार होता. रूपरावकडे मोटरसायकल नुसती ऑइल बदलायला नेली तरी तिचा क्लच गेलेला निघतो. दोन महिन्यांत आठ गाड्या, त्यातली एक खुद्द सदाशिवरावांची. म्हणजे क्लचप्लेटा विकणाऱ्या प्रभाकररावांशी त्याचं आतून काहीतरी जुळलेलं असणार.

आता ज्यांना प्रभाकरराव माहीत आहेत, त्यांना हे ऐकून हसूच येईल. या माणसाने सख्ख्या जावयाला स्पार्क प्लग छापील किमतीत विकला आणि वर पिशवी घरून आणायला सांगितली. तो रूपरावला कमिशन देणार? उलट त्यांनीच एकदा रूपरावने काढून टाकलेली प्लेट बोटांत फिरवली, नाकाशी धरली आणि विचारलं, "रूपराव, ही काऊन बदलली? हिले तं जळका वासबी नाई."

रूपरावने प्लेट परत घेतली आणि भंगारात टाकली. त्याला खरोखरच प्रत्येक गाडीचा क्लच घसरताना जाणवत होता. इंजिन जोर लावायचं, बोंबलायचं, आणि तो जोर चाकापर्यंत पोचायचाच नाही. प्लेट बदलली, स्प्रिंगा बदलल्या, केबल बदलली, तरी तेच. लबाड माणूस निदान पोटभर जेवतो. रूपरावचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

एकतीस वर्षांचं दुकान. दुकान म्हणजे काय, तर घरासमोर टाकलेलं टिनाचं शेड आणि त्याखाली काळी झालेली जमीन. पाने-स्क्रूड्रायव्हर कोणाकडेही असतात. नालवाडी रूपरावकडे यायची ती त्याच्या ट्रायलसाठी. दुरुस्त झालेली गाडी तो स्वतः रेल्वेपुलाच्या चढणीवर न्यायचा, चौथ्या गिअरमध्ये कान लावून वर चढायचा, आणि परत आल्यावरच किल्ली गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा. एका नवरदेवाला त्याने हळद लागलेल्या अंगाने पाऊण तास शेडमध्ये बसवून ठेवलं होतं, कारण गाडीची ट्रायल बाकी होती. नवरदेवाची आई येऊन भांडली, तिलाही स्टूल दिला. ट्रायल नाही तर गाडी नाही, हा त्याचा कायदा. ट्रायल गेली की मागे फक्त टिन उरणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

संक्रांतीनंतर एका सकाळी त्याच्या हातातली कपबशी खाली पडली आणि तोंड जरा वाकडं झालं. सावंगीच्या दवाखान्यात चार दिवस राहून आला. तोंड सरळ झालं, पाय सरळ होते, बोलणं तर आधीही सरळ नव्हतं. लकवा थोडक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले आणि डाव्या हाताने दाबायला रबरी चेंडू दिला. गल्लीत त्याने सांगितलं, "गॅस झालता." गॅसवर नालवाडीचा लगेच विश्वास बसतो, कारण तो घरोघरी असतो. चेंडू टूलबॉक्समध्ये गेला आणि नटबोल्टांखाली दबला.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी नत्थूजी आला. पिपरीहून दूध घालणारा, रूपरावच्याच वयाचा, महिन्याभरात तिसऱ्यांदा.

"काय त्रास देऊन राह्यली?" रूपरावने विचारलं.

"मले काईच त्रास नाई. तूच सांगतलं होतं ना, आठ दिवसांनी दाखवजो म्हून."

"चढावर घसरत असन."

"चाळीस लिटर दूध अन् मांगं बायको, एवढं घेऊन काल पूल चढली. आता बायको घसरली असन तं मले माईत नाई, मी काई वळून पाह्यलं नाई."

रूपराव हसला नाही. गाडीवर बसला, पहिला गिअर टाकला, पायाने ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला. ही साधी तपासणी आहे. क्लच चांगला असला तर इंजिन झटका देऊन बंद पडतं. घसरत असला तर बंद न पडता रडत राहतं. इंजिन रडत राहिलं.

"आयक," रूपराव म्हणाला.

"उतर. मले पाहू दे."

नत्थूजी बसला. गिअर, ब्रेक, क्लच सोडला. इंजिन झटक्यासरशी बंद. पुन्हा केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच.

"तुले ब्रेकच लय जोरात दाबायची सवय हाये," रूपराव म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. तो परत बसला. इंजिन परत रडू लागलं.

मग त्याने हँडलवरच्या क्लचच्या लिव्हरकडे पाहिलं. सोडलेली लिव्हर पुरती बाहेर यायला हवी. ती अर्ध्यावर थांबली होती. केबल अडकली असणार, म्हणून त्याने मान वाकवून केबल पाहिली. केबल नवीकोरी, त्यानेच टाकलेली. मग त्याची नजर परत लिव्हरवर आली. ती अडकली नव्हती, कोणीतरी धरून ठेवली होती. डाव्या हाताची दोन बोटं तिच्यावर वाकून बसली होती. हात तर त्याने केव्हाच सोडला होता. निदान त्याची तशी समजूत होती.

सोडा, असं त्याने त्या बोटांना मनातल्या मनात सांगितलं. बोटं दुसऱ्याची असावीत तशी ढिम्म. शेवटी त्याने उजवा हात आणला आणि एक बोट उचललं, मग दुसरं उचललं. इंजिन झटका देऊन बंद पडलं.

आतून कुकरची शिटी ऐकू आली. रूपरावच्या डोळ्यांपुढून आठ गाड्या गेल्या. आठही चांगल्या क्लचच्या. चांगली वस्तू खोलून फेकणाऱ्याला आजवर तो बाजारात नावं ठेवत आला होता.

नत्थूजी दुधाच्या डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिला. भागीरथा दारात येऊन उभी होती. तिने नवऱ्याचा हात पाहिला आणि मग पायाखालच्या फरशीकडे पाहिलं.

"तुले माईत होतं," रूपराव म्हणाला.

"चहाचा गिलास खाली ठेवता, तवा डाव्या हातातून उजव्या हातानं सोडवून ठेवता तुमी. दोन महिने झाले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं असतं काय, अजी?"

चेंडू दाबा, असं ती म्हणाली नाही. दाबायचे दिवस केव्हाच निघून गेले होते, आणि पुढे दाबला तरी किती फरक पडेल हे सावंगीच्या डॉक्टरांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं नव्हतं.

"मी नेतो गाडी," नत्थूजी हळूच म्हणाला. "दूध तापून राह्यलं."

"ट्रायल बाकी हाये."

"अरे, पण तू आता..."

"तू चालव. मी मांगं बसतो."

डबे शेडमध्ये उतरवले. नत्थूजी पुढे, रूपराव मागे. एकतीस वर्षांत ट्रायलच्या गाडीवर तो मागे बसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी नीट पाहून घेतलं. पुलाची चढण आली. "चौथा टाक. आता पीळ," रूपराव मागून म्हणाला. नत्थूजीने पिळलं. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग एकमेकांचा हात धरून वर चढले. कुठे रडणं नाही, जळका वास नाही. कान शाबूत होते, नाक शाबूत होतं, गाडीचं सगळं कळत होतं, आणि तेच जास्त लागत होतं. डावा हात मांडीवर होता, दोन बोटं वाकलेली. गाडी पहिल्यांदा आली तेव्हाही अशीच चढली असती.

"बराबर हाये ना?" नत्थूजीने पुलावर विचारलं.

"बराबर हाये."

परतताना पानठेला लागला. सदाशिवराव बाकावर होतेच, आणि समोर आयतं सापडलेलं कोण सोडतो?

"काय रूपराव," ते म्हणाले, "आज मिस्त्री मांगच्या सीटवर? दिवसाढवळ्याच घेतली काय?"

बाकावरचे दोघं-तिघं हसले. नत्थूजी गाडी पुढे काढत होता. रूपरावने त्याच्या खांद्यावर उजवा हात ठेवून थांबवलं, खाली उतरला आणि बाकासमोर जाऊन उभा राहिला.

"घेतली असती तं सकाळपर्यंत उतरली असती, सदाशिवराव. मले लकवा मारला हाये. तुमच्या गाडीचा क्लच चांगला होता, मी उगाच खोलला. आजपासून दुसरीकडं दाखवत जा."