हार्मोनची गोळी आणि तारकर बाईंचे प्रश्न

डॉ. हेमांगिनी तारकर यांना मी पहिल्यांदा भेटले ते अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या दवाखान्यात. स्त्रीरोगशास्त्राची पदविका घेऊन मी नुकतीच बाहेर पडले होते आणि बाईंना हाताखाली एक डॉक्टर हवी होती. प्रमाणपत्रांची फाइल मी पुढे केली. बाईंनी ती न उघडताच बाजूला ठेवली आणि विचारले, "पाळी जायच्या वयात बायकांना एकदम अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं. का होतं, सांगशील?"

मी पाठ केलेले उत्तर दिले, शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते म्हणून.

"ते कमी तर सगळ्यांचंच होतं. मग काहीजणींना काहीच कसं होत नाही? आणि काहींना नेमकं चहा घेतल्यावरच का होतं?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही, मॅडम."

"मलाही नाही," बाई अगदी आनंदाने म्हणाल्या. "सोमवारपासून ये."

आज बाई पंचाहत्तरीत प्रवेश करीत आहेत. त्या सोमवारपासून आजपर्यंत त्यांच्याजवळ मी जे शिकले, त्यातले थोडे या गौरवग्रंथाच्या वाचकांपुढे ठेवते आहे. बाईंचे मोठेपण सांगायचे तर त्यांची एक चूकही सांगावी लागेल. ती वगळलेली त्यांना आवडणार नाही.

मी रुजू झाले तो हार्मोनच्या गोळ्यांचा बहराचा काळ होता. पाळी गेली, की शरीरात कमी झालेले हार्मोन बाहेरून द्यावे, म्हणजे बाईची हाडे टिकतात, झोप लागते, एवढेच नव्हे तर हृदयही जपले जाते, असे आम्ही सारेच मानत होतो. बाईंचा त्यावर मनापासून विश्वास होता. "पन्नाशीनंतर बायकांनी कुढत बसायचं, असं कुठे लिहिलंय?" असे त्या म्हणत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या डॉक्टरांची महिन्याला एक बैठक होत असे. तिथे याच विषयावर त्यांनी दिलेले भाषण इतके प्रभावी झाले, की नंतर आसपासचे डॉक्टर आपल्या पेशंटना बाईंचे नाव सांगून या गोळ्या देऊ लागले.

त्यानंतर दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला ती बातमी आली. अमेरिकेत हजारो स्त्रियांवर चाललेला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवण्यात आला होता. या गोळ्यांनी हृदय जपले जाणे दूरच, उलट त्रास वाढलेला दिसत होता. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाणही थोडे वाढले होते. वर्तमानपत्रांतून ठळक मथळे झळकले. औषध कंपनीचा प्रतिनिधी आला आणि म्हणाला, "मॅडम, तिकडच्या बायका वेगळ्या, आपल्या वेगळ्या." बाईंनी त्याला बसायला सांगितले आणि विचारले, "कशावरून?"

पुढचे काही दिवस पेशंट तपासून झाले, की बाई मूळ लेख घेऊन बसत. पेन्सिलीने खुणा करत, मध्येच मला हाक मारत. "सुजाता, यातल्या बऱ्याच बायका साठीच्या पुढच्या आहेत गं. आपल्याकडच्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या. सगळ्यांना एकच माप कसं लावायचं?" पण प्रश्न पडला म्हणून त्या थांबल्या नाहीत. आठवड्याभराने म्हणाल्या, "ज्यांना ज्यांना आपण ही गोळी दिली, त्या सगळ्यांना बोलवायचं. एकेकीला मी स्वतः सांगणार."

पहिल्याच दिवशी उल्हासनगरच्या लाजवंती आंटी आल्या. कापडाच्या दुकानात नवऱ्याच्या बरोबरीने बसणाऱ्या, मोकळ्या स्वभावाच्या. त्यांचे वय बासष्ट होते. बाईंनी सगळे समजावून सांगितले. आंटींचा चेहरा उतरला.

"पर मॅडम, तुम्हीच बोलला होता ना, दिल के लिए अच्छा है?"

"हो, मीच बोलले होते. तेव्हा मला तसंच वाटत होतं. आता तसं वाटत नाही. माझी चूक झाली, आंटी."

"म्हणजे चार साल मी गलत दवा खाल्ली?"

"असं असू शकतं. आपण सगळ्या तपासण्या करून घेऊ."

आंटी पर्स उचलून निघून गेल्या. मी घाबरले. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "रागवायचा हक्क आहे त्यांना." पंधरा दिवसांनी आंटी परत आल्या, सोबत धाकट्या बहिणीला घेऊन. बहिणीला दुसऱ्या डॉक्टरांनी हीच गोळी चालू केली होती. "इसको भी समझाओ," आंटी म्हणाल्या. "तुम्ही खरं बोलता." आंटींच्या तपासण्याही ठीक निघाल्या.

मग बाई डॉक्टरांच्या बैठकीत, पूर्वी जिथे भाषण केले होते त्याच सभागृहात उभ्या राहिल्या आणि आपण सांगितलेले कोणते मुद्दे आता टिकत नाहीत, ते एकेक करून सांगितले. एक ज्येष्ठ डॉक्टर अस्वस्थ होऊन म्हणाले, "मॅडम, असं उघड बोललं तर पेशंटचा आपल्यावरचा भरवसा उडेल."

बाई म्हणाल्या, "भरवसा माझ्यावर आहे, की मी कधीच चुकत नाही यावर? दुसरा असेल, तर तो उडालेला बरा."

सभागृहात टाळ्या वाजल्या नाहीत. काही जण बाईंशी नंतर बरेच दिवस तुटक वागले, आणि काही पेशंट खरोखरच दुसरीकडे गेले. बाईंना त्याचे वाईट वाटले, हे मी जवळून पाहिले आहे.

आता माझी गोष्ट. त्या बातमीनंतर मी हार्मोनच्या गोळीला इतकी घाबरले होते, की ती कुणालाच लिहून देत नसे. बाई महिनाभर बहिणीकडे नागपूरला गेल्या, तेव्हा दवाखाना माझ्यावर होता. त्या काळात जांभूळ गावची सुनंदा तपासायला आली. वय अवघे चौतीस. दुसऱ्या गावातल्या एका रुग्णालयात रक्तस्रावासाठी तिची गर्भपिशवी आणि दोन्ही बीजकोष काढले होते. बाईंनी तिला इस्ट्रोजेन चालू केले होते. मी ते बंद केले. "परदेशात धोका निघालाय," एवढेच तिला सांगितले. तिने मान डोलावली आणि ती गेली.

पाच महिन्यांनी बाईंनी एके दिवशी विचारले, "ती जांभूळची सुनंदा का येत नाही गं?" मी सांगितले. बाई म्हणाल्या, "रविवारी आपण जाऊ."

रिक्षा करून आम्ही तिच्या घरी गेलो. सुनंदा ओळखू येत नव्हती. औद्योगिक वसाहतीतल्या पॅकिंगच्या कामावर ती जाईनाशी झाली होती.

"झोपच नाय येत मॅडम," ती म्हणाली. "सारखी आग होते अंगाची. पोरांवर उगाच वसकन ओरडते. सांधे तर असे धरलेत, का भाकरी थापवत नाय."

तिचा नवरा दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "घरातले बोलतात, बाहेरचं काहीतरी लागलंय. देवऋषाकडे नेणार होतो परवा."

बाई तिच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. "तुला काहीही लागलेलं नाही. तुझं डोकंही ठीक आहे. तुझ्या अंगात जे पन्नाशीपर्यंत राहायला हवं होतं, ते ऑपरेशनने एका दिवसात गेलं. आम्ही ते गोळीने भरून काढत होतो, आणि ती गोळी आम्हीच बंद केली. चूक आमची आहे."

'आमची' हा शब्द मी कधीही विसरणार नाही. बंद मी केली होती.

परतताना रिक्षात मला रडू आवरेना. बाईंनी मला रडू दिले आणि मग म्हणाल्या, "आधी मी सगळ्यांना गोळी दिली. मग तू सगळ्यांची काढून घ्यायला निघालीस. दोघींची चूक एकच आहे, सुजाता. समोरची बाई कोण आहे, तेच आपण पाहिलं नाही."

सुनंदाची गोळी त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात ती कामावर जाऊ लागली. पुढे काही वर्षांनी, पाळी लवकर गेलेल्या किंवा बीजकोष काढलेल्या तरुण स्त्रियांचा हिशेब साठीच्या स्त्रियांपेक्षा वेगळा मांडायला हवा, असे जाणकार मंडळीही स्पष्टपणे लिहू लागली. तसा एक लेख मी बाईंना धावत नेऊन दाखवला. "बरं झालं," म्हणाल्या, "पण यातही काही राहून गेलंय का, ते बघ."

बाईंचे कुतूहल स्त्रियांपुरते थांबले नाही. बदलापूरचे एक गृहस्थ, कारखान्यात अधिकारी, पत्नीला घेऊन आले होते. तिची तपासणी झाल्यावर त्यांनी खिशातून एक कात्रण काढले. पुरुषांचा जोम परत आणणाऱ्या इंजेक्शनची ती जाहिरात होती. "पुरुषांनाही असतं का हो असं काही, मॅडम?" त्यांनी खाली मान घालून विचारले. ते गेल्यावर मी हसले. बाई हसल्या नाहीत. "बायकांना अशीच हसायची गं माणसं, आपण ऐकायला लागेपर्यंत," त्या म्हणाल्या.

पुढच्या भेटीत त्यांनी गृहस्थांना सांगितले, "मी बायकांची डॉक्टर आहे, तुमच्यावर इलाज मी करणार नाही. पण इंजेक्शन घेण्याआधी सकाळच्या वेळी रक्त तपासा, आणि एकदा नाही, दोनदा." दोन्ही वेळा त्यांचे टेस्टोस्टेरॉन फारच कमी आले. बाईंनी त्यांना मुंबईच्या हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवले. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत एक छोटी गाठ निघाली. गोळ्यांनीच ती आटोक्यात आली. जाहिरातीतले इंजेक्शन घेत राहिले असते, तर ती गाठ कुणाला कळलीही नसती. त्यानंतर तसेच कात्रण घेऊन आलेल्या दुसऱ्या एकांचे रक्त अगदी ठीक निघाले. त्यांना बाईंनी इतकेच सांगितले, "तुम्हाला इंजेक्शन नको, सुट्टी हवी आहे."

एक घरची गोष्ट सांगते. माझे वडील अंबरनाथच्या कारखान्यात कामगार होते. आमच्या घरात शिक्षणाला फार मान. बाबासाहेबांच्या तसबिरीखालीच माझे पदवीचे प्रमाणपत्र लावलेले आहे. बुद्धपौर्णिमेला बाई आमच्याकडे खीर खायला आल्या होत्या. मी पाणी आणायला आत गेले आणि बाहेर आले, तो आई बाईंशी खालच्या आवाजात बोलत होती. दोन वर्षे ती रोज पहाटे घामाने भिजून उठत होती. मला, डॉक्टर मुलीला, तिने एका शब्दाने सांगितले नव्हते. मी दाराशीच थांबले. बाई तिला विचारत होत्या, "आग कुठून सुरू होते हो? छातीतून की मानेतून?" आणि आई, जन्मभर स्वतःच्या शरीराविषयी चकार शब्द न काढणारी माझी आई, हाताने दाखवत भरभरून सांगत होती. तिला गोळी द्यावी लागली नाही. कुणीतरी विचारले, हेच तिला पुष्कळ झाले. त्या दिवसापासून मी पेशंटला आधी विचारते, मग लिहिते.

गेल्या आठवड्यात या लेखासाठी काही विचारायला मी बाईंकडे गेले. स्वतःच्या आठवणी सांगण्यात त्यांना रस नव्हता. चष्मा पुसत त्यांनी मलाच विचारले, "सुजाता, आज आपण पेशंटना जे अगदी ठामपणे सांगतोय, त्यातलं काय चुकीचं निघेल गं?"

मी म्हटले, "कसं कळणार, मॅडम?"

"ते कळायला मला अजून दहा वर्षं तरी हवीत," बाई म्हणाल्या.

बाई, दहा थोडी झाली. प्रश्न पुष्कळ आहेत. ते विचारण्याइतके बळ, त्यांची उत्तरे वाचण्याइतकी दृष्टी आणि ती उत्तरे खोडून काढण्याइतके लांब, निरोगी आयुष्य तुम्हाला लाभो.